पाच वाजता पर्स उचलणाऱ्या सिस्टर

पत्र: "मी एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रमुख डॉक्टर आहे. आम्ही अकरा जण आहोत. खरं तर तेरा असायला हवेत. काम थांबत नाही, रजिस्टरं भरलेली असतात, तक्रारीही फारशा नाहीत. पण कुणाचा जीव कामात नाही. सगळे पाट्या टाकतात. सर्वांत जास्त खटकतात त्या आमच्या सर्वांत जुन्या सिस्टर. पूर्वी न सांगता कुणाच्याही घरी डोकावून यायच्या, कुठल्या बाळाचा कुठला डोस राहिलाय ते वही न उघडता सांगायच्या. आता पाचच्या ठोक्याला पर्स उचलतात. मी बरंच करून पाहिलं. महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी निवडला, त्यातून दोघींचं बोलणं बंद झालं. व्याख्यान ठेवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरले. गेल्या वर्षी तर कुणावर अन्याय नको म्हणून गृहभेटींचे भाग दर महिन्याला आळीपाळीने फिरते केले. त्यात मागच्या महिन्यात लसींचा फ्रीज बिघडला आणि दुपारपर्यंत मला कुणी सांगितलं नाही. आता वरून कर्मचाऱ्यांची कामातली 'एंगेजमेंट' मोजणारी प्रश्नावली आली. आमचे गुण कमी आले आणि सहा महिन्यांत वाढवा असा निरोप आहे. कसे वाढवू? खरं सांगायचं तर रविवारी संध्याकाळपासून माझ्याच पोटात गोळा येतो."

डॉक्टर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सिस्टरांपाशी अडकले, दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी, जे तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय: गृहभेटींचे भाग फिरते केले. त्याकडे येतेच. आधी त्या पर्सचं बघू.

पाच वाजता घरी जाणं हे मन उडाल्याचं लक्षण नाही. साबिने सोननटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये कर्मचाऱ्यांच्या रोजच्या नोंदी घेऊन दाखवलं, की आदल्या संध्याकाळी ज्याला नीट विसावा मिळतो तो दुसऱ्या दिवशी कामात जास्त रमतो. तेव्हा सिस्टर पाचला निघतात याबद्दल त्यांचं अभिनंदन करा, किंवा निदान त्यांच्या पाठीकडे तसं बघणं थांबवा. काळजीची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्हीच लिहिली आहे: त्यांना आता वही उघडल्याशिवाय डोस सांगता येत नाहीत. का येत नाहीत? वय झालं? विसरायला लागल्या? नाही. ती बाळं आता त्यांची राहिलेली नाहीत. या महिन्यात एका भागात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. ज्या बाळाला पहिला डोस त्यांनी दिला, त्याला दुसरा कोण देणार, तिसऱ्याला ते आलं की नाही, हे त्यांना कळायची सोयच तुम्ही ठेवली नाही.

न्याय करायला गेलात आणि धागा तोडलात. वाईट वाटून घेऊ नका, ही चूक चांगली माणसंच करतात. कामचुकार प्रमुख वाटणीच्या भानगडीत पडत नाही.

प्राथमिक आरोग्यसेवेवर ज्यांनी आयुष्यभर संशोधन केलं त्या बार्बरा स्टारफील्ड यांनी या सेवेचे चार आधार मांडले: आजारी माणसाने पहिल्यांदा यायची जागा, वर्षानुवर्षं टिकणारं नातं, बहुतेक सगळ्या गरजांची एकत्र दखल, आणि पुढच्या उपचारांशी सांधा. यातल्या दुसऱ्या आधाराबद्दल आपण नेहमी रुग्णाच्या बाजूने बोलतो. ओळखीची सिस्टर असली की त्याला बरं वाटतं, तो गोळ्या घेतो. पण त्या नात्यावर सिस्टरही जगत असते. तिच्या पगारात ते धरलेलं नसतं, म्हणून काढून घेतलं तरी कागदावर काही कमी होत नाही.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा बदलाने माणसं अशी विझतात? इतर कुठल्या खात्यात कदाचित नसती विझली. आपल्याकडे विझतात, कारण आपलं काम जमलं की काहीच घडत नाही. हाड बसवणाऱ्या डॉक्टरला सहा आठवड्यांनी माणूस चालत आलेला दिसतो. आपल्याला काय दिसतं? अर्धांगवायू झाला नाही. बाळंतपणात झटके आले नाहीत. मी स्वतः बारा वर्षं अशा एका केंद्रात काढली. दर महिन्याच्या बैठकीत आम्हाला न गाठलेल्या उद्दिष्टांची यादी वाचून दाखवली जायची, आणि तेवढीच. ज्या बाळाला गोवर झाला नाही, त्याच्यासाठी कुठल्याच रजिस्टरात रकाना नसतो.

लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1981 मध्ये या प्रकाराला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं: जो उपाय सबंध समाजाला भरपूर फायदा देतो, तो एकेका माणसाला फार थोडा देतो. शंभर जणांचा रक्तदाब वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवायचा, तेव्हा त्यातल्या मोजक्यांचा हृदयविकाराचा झटका टळतो. कुणाचा टळला ते कधीच कळत नाही. ज्याचा टळला त्यालाही नाही. आभार मानायला येणार कोण? उलट गोळ्यांनी पाय सुजले म्हणून भांडायला मात्र नेमका माणूस येतो. या कामात मन टिकवायचं तर टळलेलं संकट दिसेल अशी काहीतरी व्यवस्था मुद्दाम करावी लागते, आणि तुमच्याकडे ती एकच होती. जुन्या सिस्टर तेच घर पुन्हा पुन्हा बघत होत्या.

आता ती प्रश्नावली. 'एंगेजमेंट'ला मराठीत धड शब्द नाही. गुंतवणूक म्हटलं की बँक आठवते, आणि गुंतणं म्हटलं तर त्यातून गुंताही होतो. मला आपला जुना फरक पुरेसा वाटतो: काम करणं आणि काम उरकणं. विल्यम कान या अभ्यासकाने 1990 मध्ये ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली, तीही उन्हाळी शिबिरातल्या मार्गदर्शकांना आणि वास्तुविशारदांच्या एका कचेरीतल्या लोकांना जवळून बघून. माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो? त्यांचं उत्तर असं, की नकळत तो तीन गोष्टी चाचपून बघतो. यात काही अर्थ आहे का? इथे मोकळं बोललो तर अंगाशी येईल का? आणि आज माझ्यात तेवढं त्राण आहे का? पुढे 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी मोजायची पट्टी तयार केली: उमेद, निष्ठा आणि तल्लीनता यांवर सतरा प्रश्न, प्रत्येकाला 'कधीच नाही'च्या शून्यापासून 'रोज'च्या सहापर्यंत गुण. नंतर नऊ आणि तीन प्रश्नांच्या छोट्या आवृत्त्याही आल्या. तुमच्याकडे आलेली बहुधा याच घराण्यातली असेल.

पट्टी चांगली आहे, पण ती थर्मामीटर आहे. थर्मामीटर बर्फात धरून ताप उतरत नाही, आणि 'सहा महिन्यांत गुण वाढवा' या निरोपाचा अर्थ लोक नेमका तोच काढणार. पुढच्या वेळी सगळे सहावर खूण करतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. शिवाय अकरा जणांच्या केंद्रात पद आणि वय लिहायला लावलं की कागदावर नाव लिहिल्यासारखंच आहे. तुमच्या लोकांनी एवढं असूनही कमी गुण दिले, हे मला आशेचं वाटतं. त्यांना अजून खरं सांगावंसं वाटतंय.

मग उत्कृष्ट कर्मचारी, व्याख्यान वगैरे का फसलं? 2001 मध्ये एव्हा देमेरूती, आर्नोल्ड बाकर या मानसशास्त्रज्ञांनी आणि मंडळींनी एक मांडणी केली, ती मला रोजच्या वापरात उपयोगी पडते. कामात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, जी माणसाला शोषतात: गर्दी, तुटवडा, चिडलेले नातेवाईक, तीन ठिकाणी तीच नोंद. दुसरी, जी माणसाला पुरवतात: स्वतःच्या कामावर थोडी हुकमत, सोबत्यांचा आधार, काम कसं झालं ते कळणं, नवीन शिकायला मिळणं. पहिल्यांचा अतिरेक माणसाला थकवतो. दुसऱ्या असल्या तर मन लागतं. वाटा दोन आहेत. नुसता भार कमी करून मन लागत नाही, आणि गंमत म्हणजे भार जास्त असतो तेव्हाच दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी सगळ्यांत जास्त कामाला येतात. प्रमाणपत्र यात कुठे बसतं? त्याने कुणाच्या हातात काही आलं नाही. अकरातल्या दहा जणांना मात्र आपण उत्कृष्ट नाही हे लेखी मिळालं. ते बंद करा, आणि बंद केल्याची घोषणाही करू नका.

गृहभेटींचं काय करायचं ते सांगते. भाग फिरवणं थांबवा, पण जुनी वाटणी जशीच्या तशी परत आणू नका, कारण कुणावर अन्याय नको ही तुमची काळजी खोटी नव्हती. दूरचा भाग दूरच असतो. किती दिवस जायचं यावर वाटणी न करता घरांवर करा. दूरच्या आणि अवघड घरांचं वजन जास्त धरा, म्हणजे ज्यांच्याकडे ती असतील त्यांच्याकडे एकूण घरं कमी. हा हिशेब तुम्ही खोलीत बसून करू नका. सगळ्यांना टेबलाभोवती बसवून त्यांनाच करू द्या. भांडतील, भांडू द्या. आणि प्रत्येक घराला एक मुख्य आणि एक जोडीदार सिस्टर ठेवा. मुख्य रजेवर गेली तर घर अनोळखी माणसाच्या हाती जात नाही, आणि सगळा भार एकटीच्या डोक्यावरही राहत नाही.

दुसरं, टळलेल्या संकटांना जागा द्या. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, उभ्याउभ्या चालेल. त्यात उद्दिष्टं नाहीत, टक्केवारी नाही. एकाच माणसाची गोष्ट, शेवटापर्यंत. जोखमीची म्हणून वेळेत मोठ्या रुग्णालयात पाठवलेली बाई आणि तिचं बाळ आता कसे आहेत? क्षयाच्या गोळ्या अर्ध्यात सोडलेला मुलगा परत कुणामुळे आला? हे शोधायला एक फोन लागतो. तो तुम्ही करा, त्यांच्यावर टाकू नका. रुग्णाचा संकोच सांभाळा; काही गोष्टी त्या खोलीतच राहू द्याव्या लागतात.

अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञांचा 2007 मधला एक प्रयोग मला यासाठी आवडतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या, कंटाळलेल्या लोकांना त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटं बोलायला दिलं. महिन्याभराने बघितलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. साहेबांनी केलेलं कौतुक नव्हतं ते; ज्याच्यासाठी काम केलं तो समोर बसला होता. तुमच्याकडे असा माणूस रोज ओपीडीच्या रांगेत बसलेला असतो, फक्त ज्या सिस्टरने त्याला रांगेपर्यंत आणलं तिला कुणी हाक मारत नाही. पुढच्या वेळी मारा. "सिस्टर, या जरा, बघा कोण आलंय."

आकडे अजिबात नकोत असं मी म्हणत नाही. वेल्समध्ये खाणकामगारांच्या ग्लिनकोरग नावाच्या छोट्या गावात ज्युलियन ट्युडर हार्ट हे डॉक्टर होते. त्यांनी आणि त्यांच्या चमूने गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजला, वाढलेल्यांचा पाठपुरावा केला, आणि पंचवीस वर्षांचा हिशेब 1991 मध्ये छापला. आपल्याच लोकांचा, आपणच ठेवलेला हिशेब. तुमच्या केंद्रात रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जण आटोक्यात आहेत, हा एकच आकडा आतल्या खोलीत भिंतीवर लिहा. सिस्टरांची नावं नकोत, तुलना नको, वर पाठवायचा तर मुळीच नाही. वर गेला की तो आकडा तुमचा राहत नाही. आणि यासाठी नवीन रजिस्टर काढलंत तर मी हे सगळं लिहिलेलं मागे घेते! उलट, एका बाळाच्या एका लसीची नोंद तुमच्याकडे किती ठिकाणी होते ते बोटांवर मोजा. त्यातली एक जरी बंद करणं तुमच्या अधिकारात असेल तर याच आठवड्यात करा.

फ्रीजबद्दल. लसींना दोन ते आठ अंश लागतात हे तुमच्याकडे शिपायापासून सगळ्यांना माहीत असणार. तरी दुपारपर्यंत कुणी बोललं नाही, म्हणजे प्रश्न माहितीचा नाही. याआधी चूक सांगणाऱ्याचं काय झालं होतं? मेमो? सगळ्यांसमोर खरडपट्टी? एमी एडमंडसन या संशोधक रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूंमध्ये चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं, नोंदी उलट निघाल्या. चांगले चमू जास्त चुका करत नव्हते; त्या लपवत नव्हते. ही गोष्ट 1996 ची. तेव्हा पुढच्या बैठकीत फ्रीजचा विषय काढायचा तर 'कुणी सांगितलं नाही' इथून सुरुवात करू नका. "सकाळी मला सांगणं अवघड का वाटलं, माझ्या कुठल्या वागण्यामुळे?" असं विचारा आणि मग गप्प बसा. पहिल्या वेळी कुणी बोलणार नाही. पुढे कधीतरी कुणी एखादी छोटी चूक येऊन सांगेल, तेव्हा तुमचा चेहरा सगळे बघत असतील.

रिकाम्या दोन जागांवर माझ्याकडे उपाय नाही, तुमच्याकडेही नाही. पण तेराचं काम अकरा जण करतात हे दर महिन्याच्या अहवालात लिहीत जा, न कंटाळता, तारीख घालून. 'एंगेजमेंट वाढवा' हा निरोप पुष्कळदा रिकाम्या खुर्च्यांवर टाकायची चादर असतो. ती तुम्ही स्वतःच्या हाताने पसरू नका. आणि हेही ध्यानात ठेवा: माणूस कामाने जळून जातो या अर्थाचा 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये रूढ केला, तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांना बघून. सगळ्यांत जीव लावून काम करणारेच तिथे आधी कोळपत होते. तुमच्या सिस्टरांना पुन्हा पूर्वीसारखं करायचं असेल तर त्या पूर्वीच्या दिवसांत संध्याकाळी सातलाही कुणाच्या तरी दारात उभ्या असायच्या, हेही आठवा. तेवढं मला परत नकोय. तुम्हालाही नको असावं.

त्यांच्याशी बोलायचं आहे ते केबिनमध्ये बोलावून नको. "तुमचा उत्साह कमी झालाय" हे वाक्य तर चुकूनही नको. इतकी वर्षं काम केलेल्या बाईला ते चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं लागतं. औषधांच्या कपाटाशी, काम करता करता, एवढंच म्हणा: "सिस्टर, मी गेल्या वर्षी भाग फिरते केले ते चुकलं माझं. तुमची घरं तुमच्याकडून गेली. परत लावायचं म्हणतोय, कसं लावावं ते तुम्ही सांगा." कदाचित त्या "बघू" म्हणतील आणि पाचला पर्स उचलून जातील. जाऊ द्या. वर्षभर ज्यांना कुणी विचारलं नाही त्या एका वाक्यात पुन्हा जवळ येत नाहीत.

राहिलं तुमचं. अकरा जणांच्या मनाची एवढी चौकशी करून पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःचा पोटातला गोळा लिहिला, जणू ताजा कलम. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेतून येणारी अवस्था म्हटलंय: गळून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तीनही असतील, झोप उडाली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. स्वतःचं निदान स्वतः करू नका, हे तुम्ही रुग्णांना रोज सांगताच. नुसता गोळाच असेल तर माझी शंका अशी, की दिवसभर कागदांवर सह्या करून तुमचीही घरं सुटली आहेत. वाटणीत चार-पाच घरं स्वतःच्या नावावर घ्या. प्रमुखाने घेऊ नयेत असा नियम मी तरी कुठे वाचला नाही.

वरच्या साहेबांना उत्तर म्हणून यातलं जे जमलं तेवढं तारखांसकट कळवा. गुण वाढतील की नाही ते मला सांगता येणार नाही.

वाटणीच्या दिवशी मात्र सिस्टरांना आधी घरं निवडू द्या, आणि त्या पहिलं घर कुणाचं मागतात ते मला लिहा.